ओरडण्याकडून ऐकू येण्याकडे

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'स्त्रिया आणि संगीत' एवढेच छापले आहे. त्यामुळे काहीजणींना वाटले असेल, की जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतील. मी मात्र तुम्हांला लंडनला नेणार आहे. तिथल्या चार मुलींनी १९७६ साली एक बँड काढला. त्याचे नाव 'द स्लिट्स'. स्लिट म्हणजे चीर, फट. बाईच्या शरीराकडे उघड इशारा करणारे हे नाव त्यांनी मुद्दाम घेतले. लोक ज्या शब्दाने आपल्याला हिणवतात तो आपणच कपाळावर लिहून फिरायचे, असा त्यांचा पवित्रा होता.

या मुली सुरुवातीला अक्षरशः ओरडत. तीनच वर्षांनी त्यांचा जो पहिला अल्बम निघाला, त्यात जमेकाच्या रेगे संगीताची लय मुरलेली होती. आवाज मोकळा झाला होता, वाजवणे नेटके झाले होते. मग या मुली निवळल्या का? की त्यांना नवे बळ मिळाले? आणि या बदलात कोणी मागे राहिले का? हे प्रश्न मला आपल्याही कामामुळे पडतात. घोषणा देत रस्त्यावर उतरलेल्या आपल्या गटांना आज अहवाल लिहावे लागतात, प्रशिक्षणे घ्यावी लागतात. म्हणून ही गोष्ट आज सांगते.

पंक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. १९७६ च्या सुमारास इंग्लंडात बेकारी वाढत होती, शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हते. तेव्हाचे रॉक संगीत म्हणजे मोठमोठे कलावंत, महागडी वाद्ये आणि लांबलचक वादन. त्याला वैतागून काही पोरांनी ठरवले, की गिटारवर तीन स्वरमेळ येत असले तरी पुरे, स्टेजवर चढा आणि वाजवा. 'सेक्स पिस्टल्स' आणि 'द क्लॅश' ही त्यातली गाजलेली नावे. यात मुलींसाठी एक दार किलकिले झाले. तोवर रॉक बँडमध्ये बाई बहुधा गायला पुढे उभी असे, वाद्ये पुरुषांच्या हाती असत. पण एकदा कौशल्य लागत नाही असे ठरल्यावर 'तुला वाजवता कुठे येते?' हा प्रश्न मुलींना विचारायची सोय राहिली नाही. ज्या कामाला किंमत नाही तिथे बायकांना सहज प्रवेश मिळतो, हा आपलाही अनुभव आहे. या मुलींनी मात्र तेवढ्या फटीतून आत पाय घातला.

एरी अप ही मूळची जर्मन मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. तिची आणि स्पेनहून आलेल्या पालोमाची गाठ पॅटी स्मिथ या अमेरिकन गायिकेच्या लंडनमधल्या कार्यक्रमात पडली आणि त्यांनी बँड काढायचे ठरवले. क्लॅशमधल्या एकाला 'पालोमा' म्हणता येईना, तो 'पामॉलिव्ह' म्हणाला. साबणाचे ते नाव तिला कायमचे चिकटले. ती ड्रम्सवर बसली. सुरुवातीच्या दोघी गेल्यावर टेसा पॉलिट बेस गिटार घेऊन आली आणि व्हिव्ह अल्बर्टीन गिटार घेऊन. मार्च १९७७ मध्ये लंडनच्या हार्ल्सडन भागात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा एकीलाही धड वाजवता येत नव्हते. त्याच वर्षी त्या क्लॅशबरोबर दौऱ्यावर गेल्या. हॉटेलवाले त्यांना ठेवून घ्यायला कुरकुरत, बसच्या ड्रायव्हरलाही त्या नको असत. एरीवर रस्त्यात सुरीने वारही झाला. विस्कटलेले केस आणि पुरुषी बूट घालून फिरणारी मुलगी लोकांना इतकी खुपत होती.

सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांनी बीबीसी रेडिओवर जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती आजही ऐकायला मिळतात. ड्रम्स उधळलेल्या घोड्यासारखे धावतात, गिटार त्यांच्या मागे फरफटते आणि या सगळ्यावर एरीची किंकाळी. ऐकताना अंगावर काटा येतो. पण खरे सांगायचे तर शब्द फारसे कळत नाहीत. राग कळतो, रागाचे कारण कळत नाही.

आता रेगेकडे वळते. जमेका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. ते ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि १९६२ साली स्वतंत्र झाले. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे बहुसंख्य आहेत. स्वातंत्र्याच्या आसपास तिथे 'स्का' नावाचे उसळते नाचाचे संगीत लोकप्रिय झाले. पुढे त्याची गती मंदावली आणि १९६८ च्या सुमारास रेगे जन्मले. दोन्हींची खूण एकच. माझ्याबरोबर म्हणा: एक आणि दोन आणि तीन आणि चार. आता आकड्यांवर टाळी न देता 'आणि' वर द्या. बघा, शरीर आपोआप डोलायला लागले! स्कामध्ये आणि रेगेमध्ये गिटार या मधल्या जागी वाजते. रेगेच्या एका प्रकारात तर पहिला ठोका रिकामाच सोडतात आणि ड्रमचा भार तिसऱ्यावर टाकतात. आपल्याकडे सगळे वादक समेवर येऊन भेटतात. इथे सम मोकळी ठेवलेली असते. गाण्याला पुढे नेते ती बेस गिटार, म्हणजे खर्जातला आवाज. याच्याही पुढचा प्रकार 'डब'. किंग टबी नावाच्या, विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाने तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला आणि नुसते ड्रम, बेस आणि प्रतिध्वनी यांचा खेळ मांडला. काय ठेवायचे याइतकेच काय काढायचे, हेही संगीत असते हे त्याने दाखवले.

हे संगीत इंग्लंडला पोचले ते माणसांबरोबर. १९४८ साली 'एम्पायर विंड्रश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरून शेकडो कामकरी घेऊन आले आणि पुढची वीस वर्षे ही रीघ चालू राहिली. या लोकांना कामावर घेतले, पण घर भाड्याने देताना दार लावले. गोऱ्यांच्या क्लबांत त्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी घराच्या तळघरांत आणि सभागृहांत मोठाले स्पीकर लावून स्वतःचे नाच सुरू केले. त्यांच्या तरुण मुलांना पोलीस १८२४ सालच्या भटकेगिरीच्या कायद्याखाली नुसत्या संशयावरून पकडत. तो कायदा वापरण्याची ही रीत १९८१ साली रद्द झाली. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या कॅरिबियन उत्सवात पोलीस आणि काळे तरुण यांची मोठी चकमक उडाली. त्याच महिन्यात लंडनमधल्या ग्रनविक कारखान्यात आपल्या जयाबेन देसाईंनी साडी नेसून संपाला सुरुवात केली होती. तो संप जवळजवळ दोन वर्षे चालला. म्हणजे इंग्लंडातल्या 'परक्यांनी' मान वर करण्याचा तो काळ होता.

गोऱ्या पंक पोरांना हे संगीत भेटले ते एका क्लबमध्ये. रॉक्सी नावाच्या या क्लबात कार्यक्रमांच्या मधल्या वेळात तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स करी. त्याचे आईवडील जमेकाचे. पंकच्या तबकड्या अजून निघाल्याच नव्हत्या, म्हणून तो आपल्या घरचे रेगे आणि डब लावी. ते पोरांच्या कानात बसले. क्लॅशने १९७७ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ज्युनिअर मर्व्हिनचे एक रेगे गाणे आपल्या पद्धतीने गायले. डॉन लेट्सने काही काळ स्लिट्सचा कारभारही पाहिला. एरी तर रेगेने झपाटली. काळ्या लोकांच्या नाचांना ती जाऊ लागली.

१९७९ साली अल्बम करायची वेळ आली, तेव्हा स्लिट्सनी निर्माता म्हणून डेनिस बोव्हेल यांना बोलावले. बार्बाडोसमध्ये जन्मलेले, लहानपणी लंडनला आलेले बोव्हेल हे 'मटुंबी' या रेगे बँडचे गिटारवादक. १९७४ साली ते एका क्लबात संगीत लावत असताना पोलिसांची धाड पडली, दंगल झाली आणि खटल्यात त्यांना शिक्षा झाली. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात ते सुटले. रेगे हा त्यांच्यासाठी नुसता ताल नव्हता, त्याची किंमत त्यांनी मोजली होती.

सप्टेंबर १९७९ मध्ये 'कट' हा अल्बम निघाला. 'न्यूटाऊन' हे गाणे १९७७ च्या रेडिओवरच्या नमुन्यातही आहे आणि या अल्बममध्येही. दोन्ही लागोपाठ ऐका. आधीच्यात सगळ्याजणी एकाच वेळी बोलत आहेत. नंतरच्यात एक बोलते तेव्हा दुसरी थांबते. टेसाची बेस पुढे आली आहे, व्हिव्हची गिटार मधल्या जागी खटके देते आणि मध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. त्या जागेत बोव्हेल यांनी काडेपेटीचा खुळखुळ, काडी ओढल्याचा आवाज, चमचा पडल्याचा आवाज असले घरगुती आवाज पेरले आहेत. हे गाणे नव्याने वसवलेल्या गावांतल्या सुस्त आयुष्याबद्दल, टीव्ही आणि नशा यांच्या सवयीबद्दल आहे. आधी ते नुसते चिडलेले वाटे, आता ते भेदक वाटते. 'टिपिकल गर्ल्स' या गाण्यात तर नमुनेदार मुलगी कशी असते याची यादीच आहे, आणि हा नमुना काढला कोणी, हा सवालही. ते गाणे मध्येच चाल बदलते, धावते, थबकते. नमुन्यात बसायला नकार देणारी मुलगी ठरलेल्या तालात तरी का बसेल!

माझे म्हणणे असे आहे, की स्लिट्स निवळल्या नाहीत. त्यांना जागा सापडली. पंकच्या भिंतीसारख्या आवाजात बाईला ऐकू यायचे तर किंचाळावेच लागे, कारण ती चाल मुळात पुरुषांनी आपल्या मापाने शिवलेली होती. रेगेने त्यांना शांततेचा वापर शिकवला. आपल्या बैठकांतही असे होते ना? सगळ्याजणी एकदम बोलतात तेव्हा मोठ्या आवाजाचीच चलती असते. कोणीतरी थांबायचे ठरवले की हळू बोलणारीचे दुःख ऐकू येते.

पण गोष्ट इथेच संपवली, तर मी तुम्हांला अर्धेच सांगितले असे होईल.

पहिला प्रश्न पामॉलिव्हचा. १९७८ साली, अल्बमच्या आधीच, ती बँडमधून बाहेर पडली, म्हणजे तिला बाहेर काढण्यात आले. कारणे अनेक होती, मतभेद होते. पण एक कारण असेही होते, की नव्या संगीताला ताल एका जागी धरून ठेवणारा हात हवा होता आणि तिचे वाजवणे उधळते होते. तिच्या जागी 'कट' वर ड्रम्स वाजवले ते बजी नावाच्या तरुणाने. त्याने ते उत्तम वाजवले, याबद्दल वादच नाही. पण बघा, बायकांचा म्हणून गाजलेला हा अल्बम, त्याचा ताल पुरुषाचा आणि त्याची घडण पुरुषाची. आणि जिने बँड उभा केला, ज्यातली कितीतरी गाणी लिहिली, ती बाहेर. ती मग 'द रेनकोट्स' या दुसऱ्या बायकांच्या बँडमध्ये गेली. तिने लिहिलेले 'ॲडव्हेंचर्स क्लोज टू होम' हे गाणे १९७९ साली दोन्ही बँडच्या अल्बममध्ये आले. रेनकोट्सच्या अल्बमवर ते तिने स्वतः वाजवले आहे, तिच्या त्याच धडपडत्या हाताने. मला दोन्ही रूपे आवडतात. पण दुसरे ऐकताना मला आपल्या वस्तीतल्या त्या कार्यकर्त्या आठवतात, ज्या पहिल्या मोर्च्यात सगळ्यांत पुढे होत्या आणि अहवाल लिहायची वेळ आल्यावर मागच्या रांगेत गेल्या. त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. कामाचा ताल बदलला आणि तो शिकवायला आपल्याला वेळ झाला नाही, इतकेच.

दुसरा प्रश्न उसनवारीचा. बोव्हेल यांनी त्याच १९७९ साली जॅनेट के या काळ्या तरुणीचे 'सिली गेम्स' हे गाणेही केले. ते इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. काळ्या मुलींनी गायलेल्या, प्रेमाच्या अशा रेगे गाण्यांना 'लव्हर्स रॉक' म्हणत. लंडनमधल्या काळ्या घरांतून, नाचांतून ती गाणी सतत वाजत. पण बंडखोर बायकांचे संगीत म्हणून अभ्यासक लिहायला बसतात, तेव्हा पान पान स्लिट्सवर जाते आणि लव्हर्स रॉकला 'प्रेमाची गाणी' म्हणून एका ओळीत उरकतात. दिवसभर अपमान झेलून आलेल्या मुलीने प्रेमाबद्दल मोकळेपणाने गाणे, हेही राजकारण असू शकते, असे कोणाला वाटले नाही. शिवाय 'कट' च्या मुखपृष्ठावर तिघींनी अंगाला चिखल फासून रानटी योद्ध्यांसारखा अवतार केला होता. आम्ही कोणासाठी नटलेलो नाही, असे त्यांना म्हणायचे होते. पण 'रानटी' हे सोंग गोऱ्या मुलीला हौसेने घेता येते. काळ्या मुलीला ते नाव न मागता मिळते.

इथे आपण आपल्याकडेही बघावे. मोर्च्यातली आपली किती गाणी गोंधळाच्या, भारुडाच्या, पोवाड्याच्या चालीवर आहेत! कित्येक चाली आंबेडकरी जलशांतून, शाहिरांच्या डफावरून आल्या. आपण त्यावर स्त्रीमुक्तीचे शब्द बसवले, ते चांगलेच केले. चाली फिरल्याच पाहिजेत. पण ती चाल कोणाकडून घेतली हे आपण गाण्याआधी सांगतो का? आणि त्या घरातली बाई आपल्या व्यासपीठावर नुसती गायला येते की बोलायलाही?

तिसरी गोष्ट आशेची आहे. स्लिट्सचा अल्बम निघाला त्याच १९७९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात जेरी डॅमर्स या तरुणाने 'टू टोन' ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. काळ्यागोऱ्यांनी एकत्र येऊन जुन्या स्कामध्ये पंकचा जोर मिसळायचा, हा तिचा बाणा. 'द सिलेक्टर' या तिथल्या बँडची प्रमुख गायिका पॉलीन ब्लॅक ही काळी स्त्री. आणि लंडनमध्ये सात बायकांनी मिळून 'बॉडीस्नॅचर्स' हा स्का बँड काढला. त्यांची गायिका ऱ्होडा डकार, तीही काळी. या बँडने स्वतः रचलेले पहिलेच गाणे होते 'द बॉयलर'. ते बलात्काराबद्दल आहे. गाणे म्हणजे जवळजवळ निवेदनच. एक साधी मुलगी, स्वतःला कुरूप समजणारी. एक माणूस तिच्याशी गोड बोलतो, कपडे घेऊन देतो, फिरायला नेतो आणि मग बळजबरी करतो. मागे नाचाचा उडता ताल चालू आणि पुढे तिचा साधा, सपाट आवाज. शेवटी गाणे उरतच नाही, उरतात त्या किंकाळ्या.

हे गाणे बाजारात आले जानेवारी १९८२ मध्ये, बॉडीस्नॅचर्स फुटल्यानंतर, डॅमर्सच्या साथीने. रेडिओवर ते जवळजवळ वाजलेच नाही, तरी यादीत पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाने, रात्री अनोळखी गाडीवाल्याकडे लिफ्ट मागणाऱ्या मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात तिचाही निष्काळजीपणा ठरवून आरोपीला नुसता दंड केला होता. आपल्याला हे ओळखीचे वाटेल. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना सोडले, १९७९ च्या सप्टेंबरात चार प्राध्यापकांनी त्यावर खुले पत्र लिहिले आणि १९८० साली आपल्याकडच्या बायका रस्त्यावर आल्या. भाषा वेगळ्या, देश वेगळे, पण 'तिनेच काहीतरी केले असेल' हे वाक्य एकच.

'द बॉयलर' मध्ये मला माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. स्लिट्स किंकाळीपासून निघाल्या आणि मोकळ्या जागेकडे आल्या. ऱ्होडा डकार शांत आवाजातून निघाली आणि किंकाळीपाशी पोचली. पण तोवर आपण तिचे सगळे ऐकून घेतलेले असते, म्हणून ती किंकाळी कानाआड करता येत नाही. तेव्हा ओरडायचे की हळू बोलायचे, हा खरा वाद नाही. आपल्याकडे दोन्ही असायला हवे आणि कोणते केव्हा, ते आपण ठरवायला हवे.

पुढे काय झाले तेही सांगते. स्लिट्सनी १९८१ साली दुसरा अल्बम काढला, त्यानंतर लवकरच बँड फुटला. २००५ च्या सुमारास एरी आणि टेसा यांनी तो पुन्हा उभा केला. मधल्या काळात एरी बरीच वर्षे जमेकात राहिली. जे संगीत उसने घेतले त्याच्या घरी जाऊन राहणे, हे तिने तरी केले. २०१० साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली. व्हिव्ह अल्बर्टीनने २०१४ साली आत्मचरित्र लिहिले.

बोलणे संपवते. आता चहानंतर गटचर्चा आहे. त्यासाठी मी तीनच प्रश्न फळ्यावर लिहिते. गेल्या दहा वर्षांत आपल्या गटाच्या कामाचा ताल कसा बदलला? तो बदलताना कोणत्या मैत्रिणी मागे राहिल्या, त्यांची नावे आठवतात का? आणि आपण गातो त्यातल्या निदान एका गाण्याची चाल कोणाची, हे आपल्याला ठाऊक आहे का? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र नावांनिशी द्या. शिबिर संपले की त्या नावांच्या घरी जायचे आहे.